पाय की पंप

आमच्या गॅरेजच्या जमिनीवर मधोमध एक पिवळी रेघ आहे, दारापासून थेट मागच्या भिंतीपर्यंत. रेघेच्या अलीकडे मी, पलीकडे माझा नवरा. तो इंजिनं उघडतो, मी वायरिंग करते. तेलाचं ते त्याचं आणि तारेचं ते माझं, असा आमचा करार आहे. हा करार एका टॅक्सीच्या डायनॅमोवरून झालेल्या भांडणातून निघाला. त्या दिवशी त्याने तावातावाने रंगाचा डबा आणला आणि मी त्याच्या हातातून ब्रश हिसकावून घेतला. त्या झटापटीत रेघ दाराजवळ जरा वाकडी झाली आहे. एकमेकांच्या कामात नाक खुपसायचं नाही, हा नियम आम्ही दोघंही तेव्हापासून पाळतो. निदान तोंडाने तरी पाळतो.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण गाड्या बनवणाऱ्या शहाण्यांनी पेट्रोलचा पंप विजेवर चालणारा केला आणि वर तो टाकीच्या पोटात बसवला. आता सांगा, हा कोणाचा? पेट्रोलमध्ये बुडालेला आहे म्हणून नवरा म्हणतो माझा. त्याला तारा जातात म्हणून मी म्हणते माझा. पंपाची तक्रार घेऊन गाडी आली की आम्ही ती रेघेवर आडवी उभी करतो आणि आधी पोटभर भांडून घेतो. एरवी चारचौघांत मी नवऱ्याला अहो म्हणते. पंपाचा विषय निघाला की आपोआप अरे होतं.

तर अशा घरात आत्याबाईंची गाडी बंद पडायला लागली.

आत्याबाई म्हणजे नवऱ्याची आत्या. गॅरेजच्या वरच्या खोल्यांत आमच्याबरोबरच राहतात. गाडी त्यांच्या यजमानांची, जुनी, पांढरी. यजमान होते तोवर आत्याबाई शेजारच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसायच्या, आणि गाडी चालवायचं नाव काढलं की यजमान म्हणायचे, "तुझं काम नाही ते." ते गेले, गाडी मागे राहिली. बरेच दिवस आत्याबाईंनी ती नुसती पुसली. मग एकदा जेवता जेवता म्हणाल्या, "मला लायसन काढायचंय."

नवऱ्याला ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "अगं आत्या, कुठं जायचं असेल तर मी सोडतो की."

"तेच नकोय मला, गुंड्या. तू सोडतोस तेव्हा आधी तुझ्या तोंडाकडे बघावं लागतं, आज स्वारी खुशीत आहे का ते. मला मनात आलं की निघायचंय."

त्या शिकल्या. नेटाने शिकल्या. हळू चालवतात, इतकं हळू की सायकलवाले ओलांडून जाताना आत वाकून बघतात, सगळं ठीक आहे ना म्हणून. पण चालवतात. फक्त परीक्षेच्या मैदानात चढ आला की गाडी गचका खाऊन बंद. किल्ली फिरवली की लगेच सुरू. पहिल्या खेपेला असं झालं, दुसऱ्या खेपेला तस्संच झालं. परीक्षक साहेब म्हणाले, "बाई, क्लच असा एकदम सोडत नाहीत."

"मी नाही सोडला."

"मग काय गाडीने सोडला?"

आणि निघताना त्यांनी बजावलं, की पुढच्या खेपेलाही बंद पडली तर वर्षभर इकडे फिरकू नका. आत्याबाई घरी आल्या त्या थेट गॅरेजमध्ये. पर्स माझ्या बाकावर आपटली आणि म्हणाल्या, "गाडीत खोट आहे. शोधा."

गंमत अशी की ती गाडी नवऱ्याच्या हातात कधीच बंद पडायची नाही. तो तिला घेऊन फार तर पेट्रोल भरून यायचा. आत्याबाई मात्र सरावासाठी गावाला वळसा घालून यायच्या आणि मगच ती बंद पडायची. म्हणजे खोट गाडी तापल्यावर निघणारी असणार. असल्या खोटींचा मला मनापासून राग येतो. गॅरेजमध्ये गाडी अशी शहाण्यासारखी वागते की सांगणाराच खोटा ठरावा.

पंपावर संशय दोघांचाही होता. किल्ली अर्धी फिरवली की पंप क्षणभर गुणगुणतो, मग गप्प होतो. तो गुणगुणला म्हणजे वीज पोचली. टाकी मागच्या सीटखाली, म्हणून हे ऐकायला त्या सीटवर कान लावावा लागतो. ते काम आत्याबाईंनी स्वतःकडे घेतलं. त्या मागे आडव्या होऊन सीटला कान लावायच्या आणि मी किल्ली फिरवली की ओरडायच्या, "गुणगुणलाऽऽ!" समोरचा शिंपी मशीन थांबवून दारात आला आणि त्याने विचारलं, "बारसं आहे का कुणाचं?"

पहिली पाळी नवऱ्याने मिळवली. टाकी खाली घेतली, जुना पंप काढला, नवा बसवला आणि दोन दिवस पेट्रोलच्या वासासकट मिरवला. आत्याबाई गावाला वळसा घालून आल्या. गाडी पुलावर बंद पडली होती.

"नव्या पंपाला जरा वेळ द्यावा लागतो," नवरा म्हणाला.

असला युक्तिवाद मी माझ्या बाजूला उभा राहू देत नाही. मला खात्री होती की दोष रिलेचा आहे. रिले म्हणजे काडेपेटीएवढी काळी डबी. किल्ली फिरवली की तिच्या आत टक् होतं आणि पंपाला वीज मिळते. गाडी तापली की एखाद्या डबीचा आतला सांधा क्षणभर सुटतो, पंप थांबतो, इंजिन बंद. किल्ली पुन्हा फिरवली की सांधा पुन्हा धरतो, आणि बघणाऱ्याला वाटतं चालवणाऱ्यानेच काहीतरी केलं. त्या गाडीत बॉनेटखाली तशाच दोन डब्या शेजारी शेजारी होत्या, एक पंपाची, एक हॉर्नची. अशा वेळी आम्ही लोक सरळ अदलाबदल करतो. हॉर्नची डबी पंपाला लावायची, पंपाची हॉर्नला. गाडी बंद पडायची थांबली तर चोर सापडला.

अडचण एकच होती. पंपाचं काम अजून नवऱ्याचं चालू होतं आणि नियम म्हणजे नियम. म्हणून तो वर जेवायला गेल्यावर मी हळूच बॉनेट उघडलं, डब्या बदलल्या, आणि संशयित डबीवर ओळख म्हणून माझ्या नखांच्या लाल रंगाचा ठिपका दिला. मग बॉनेट लावून, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने मी वर गेले. जिन्यात नवरा भेटला. तो माझ्याकडे बघून गोड हसला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा जिन्यात गोड हसतो तेव्हा बाईने थांबून विचार करायला हवा. मला भूक लागली होती.

संध्याकाळी आत्याबाई गाडी घेऊन निघाल्या आणि आम्ही दोघं मागे बसलो. मी मनातल्या मनात पेढे वाटत होते. पुलाच्या चढावर गचका बसला आणि गाडी बंद पडली.

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचंही तोंड पडलेलं होतं. ते का, हे मला तेव्हा कळलं नाही. मी एवढंच ठरवलं, की रिले निर्दोष. मग वायरिंग धरलं. गाडीतला गालिचा उपटला, पुढून मागे एकेक तार बोटांखालून काढली, अर्थिंगचा नट पॉलिश पेपरने घासून लख्ख केला, फ्यूज बदलला. तारेत काडीचाही दोष नव्हता. तिकडे नवऱ्याने टाकी पुन्हा उतरवली, जाळी धुतली, नळी फुंकली. गाडी पुन्हा पुलावर बंद पडली. तिथे एक भाजीवाली बसते. ती आता आम्हाला बघून आधीच टोपली बाजूला घ्यायला लागली होती.

परीक्षेच्या दोन दिवस आधी जेवताना नवरा म्हणाला, "पंप नवा आहे. तारा ठीक आहेत?"

"ठणठणीत. तुझी नळी?"

"साफ आहे. मग राहिलं काय?"

"पाय," मी म्हणाले.

"मलाही तेच वाटतंय," तो म्हणाला.

गॅरेज काढल्यापासून आमचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, आणि ते आम्ही बिचाऱ्या आत्याबाईंच्या पायावर खापर फोडून साजरं केलं. आत्याबाई वाढता वाढता थांबल्या. डाव भांड्यात ठेवला. त्या बोलल्या नाहीत की घरात पंखासुद्धा हळू फिरतो.

नंतर मी भांडी घासत होते तेव्हा शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "सूनबाई, खरं सांग. माझाच पाय ना गं?"

मी नुसतीच ताटली घासत राहिले.

"म्हणजे ह्यांचं म्हणणं खरंच होतं म्हणायचं," त्या म्हणाल्या. "माझं काम नाही ते." मग त्यांनी पर्समधून किल्ली काढली आणि दाराजवळच्या खिळ्याला लावली, जिथे नवरा त्याच्या किल्ल्या लावतो. एवढ्या वर्षांत मी हजार गाड्यांना दोष दिला असेन, पण माणसाला दोष देऊन मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं एका टेम्पोच्या दोन टोकांना कामात होतो. बाहेर इंजिनाचा आवाज आला. बघतो तर गॅरेजसमोर आत्याबाईंची गाडी उभी होती, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, इंजिन चालू. आत कोणीच नव्हतं. गाडीच्या समोर, रस्त्याच्या कडेला, आत्याबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. समोर स्टूल घेतलं होतं आणि त्यावर दोन्ही पाय ठेवले होते, चपला काढून, सगळ्या रस्त्याला दिसतील असे.

"आत्या, हे काय?"

"गाडीत कोण आहे बघ."

"कोणी नाही."

"नीट बघ. सीटखाली बघ. नाहीतर मागाहून म्हणशील, मी कुणालातरी लपवलं होतं."

नवऱ्याने मुकाट्याने सीटखाली पाहिलं. शिंपी मशीन सोडून आला आणि आत्याबाईंशेजारी उकिडवा बसला. येणारे जाणारे थांबायला लागले. कुणी विचारलं की शिंपी खालच्या आवाजात सांगायचा, "पायाची चौकशी चाललीय." ऊन उतरलं, शिंप्याने सगळ्यांसाठी चहा आणला, गाडी आपली घुरघुरत होती. आत्याबाईंनी पायाचं बोटसुद्धा हलवलं नाही. आणि मी, जिने आयुष्यभर गाड्या सुरू व्हाव्यात म्हणून खटपट केली, ती तिथे उभी राहून एक गाडी बंद पडावी म्हणून मनोमन हात जोडत होते.

गाडीला एक उचकी लागली. दुसरी लागली. मग गचका खाऊन ती बंद पडली.

आत्याबाईंनी चहाचा शेवटचा घोट घेतला आणि विचारलं, "माझा पाय कुठाय?"

"स्टुलावर," शिंपी म्हणाला.

"दुसरा?"

"तोही स्टुलावर."

"गुंड्या, ऐकलंस? सूनबाई, ऐकलंस?"

आम्ही दोघंही बॉनेटकडे धावलो. आता कोणाचं काम आणि कोणाची रेघ, काही सुचत नव्हतं. मी डब्यांचं झाकण उघडलं आणि पंपाच्या जागेवरची डबी उपटली. तिच्यावर लाल ठिपका होता.

"अशक्य," मी म्हणाले. "ही मी स्वतः काढून हॉर्नला लावली होती."

नवऱ्याने घसा खाकरला. मग त्याने हॉर्नच्या जागेवरची डबी काढली आणि माझ्यापुढे धरली. तिच्यावर पांढऱ्या खडूची फुली होती. ती फुली मी ओळखते. तो नटापासून नारळापर्यंत सगळ्यावर तशीच फुली मारतो.

"कधी?" मी विचारलं.

"तू जेवायला गेलीस तेव्हा. मला वाटलं, रिले तपासावा. तू तपासू दिला नसतास. म्हणून अदलाबदल केली. तो लाल ठिपका कंपनीचाच असेल असं वाटलं."

"अरे, मी तुझ्याआधी केली होती!"

"मग मला सांगायचं नाही?"

"तू मला सांगितलंस?"

म्हणजे मी चोराला बाहेर काढलं होतं आणि ह्याने त्याला हाताला धरून पुन्हा आत आणून बसवलं होतं. मग दोघांनीही शपथेवर सांगितलं की चोर इथे नाहीच. मी नखाने डबीचं झाकण उचकटून पाहिलं. आतला सांधा काळा पडून चिरला होता. इतके दिवस उपटलेले गालिचे, उतरवलेल्या टाक्या, भाजीवालीची टोपली आणि आत्याबाईंचा पाय, सगळं ह्या काडेपेटीएवढ्या डबीपायी. आणि आमच्या शहाणपणापायी. मी भांडायला तोंड उघडलं, आणि उघडंच राहिलं, कारण आत्याबाई आमच्या मागे येऊन उभ्या होत्या.

"हे काय झालं ते मला एका वाक्यात सांगा," त्या म्हणाल्या.

"खोट गाडीत होती," नवरा म्हणाला.

"आणि आमच्यात," मी म्हणाले. "तुमच्या पायात नव्हती. चुकलं आमचं, आत्याबाई."

आत्याबाईंनी आम्हा दोघांच्या कानांकडे असं पाहिलं की माझा हात आपोआप कानाकडे गेला. पण त्यांनी फक्त चपला घातल्या आणि स्टूल उचललं.

परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलीच होती. गाडी इतकी जुनी, की तसल्या जातीची डबी आमच्याकडे नव्हती आणि सुट्ट्या भागांचं दुकान उशिरा उघडतं. म्हणून चांगली डबी पंपाला दिली आणि चिरलेली हॉर्नला. हॉर्न सुरुवातीलाच तपासतात, तेव्हा डबी थंड असली म्हणजे वाजेल, असा हिशेब होता. आम्ही मैदानात लवकर पोचलो, बॉनेट उघडलं आणि आळीपाळीने वर्तमानपत्राने डबीला वारा घातला. इतर उमेदवार नियम पाठ करायचे सोडून आमच्याकडे बघत होते.

परीक्षक साहेब आले. आत्याबाईंना पाहून त्यांनी आधीच सुस्कारा सोडला. "हॉर्न वाजवा," म्हणाले. हॉर्न पीऽप करून वाजला. मी नवऱ्याचा दंड इतका घट्ट धरला की तो कळवळला.

आम्ही कुंपणाबाहेरून बघत होतो. आत्याबाईंनी वळणं घेतली, गाडी उलटी नेली, उभी केली. मग चढ आला. मला एवढंच ऐकू येत होतं, इंजिन आणि माझं काळीज. गाडी चढाच्या मध्यावर थांबली, कारण तिथे थांबायचंच असतं, आणि मग जराही न गचकता वर गेली. नवऱ्याने टोपी हवेत उडवली. ती कुंपणाच्या आत पडली.

चढ उतरल्यावर भिंतीआडचं वळण होतं. तिथे नेमका एक रंगारी खांद्यावर शिडी आडवी घेऊन चालला होता, आमच्याकडे पाठ करून. आत्याबाईंनी हॉर्न दाबला. हॉर्न मुका. पुन्हा दाबला. मुका. डबी तापली होती. मी डोळे मिटले.

"अहो शिडीवालेऽऽ! सरका बाजूलाऽऽ!"

तो आवाज मी कुंपणाबाहेर ऐकला आणि मीसुद्धा बाजूला सरकले. डोळे उघडले तेव्हा रंगारी शिडीसकट भिंतीला चिकटला होता, आणि आत्याबाई खिडकीतून बाहेर काढलेलं डोकं आत घेत होत्या. पांढरी गाडी त्याच्या शेजारून सावकाश, अगदी डौलात निघून गेली.

"हॉर्न वाजत नाही तुमचा," परत आल्यावर परीक्षक म्हणाले. ते कानात बोट घालून हलवत होते.

"तुम्हाला ऐकू आलं ना?" आत्याबाईंनी विचारलं. "त्याला ऐकू आलं ना?"

परीक्षकांनी रंगाऱ्याकडे पाहिलं. तो अजून भिंतीलाच चिकटलेला होता. मग त्यांनी सही केली. "पास," म्हणाले. "पण आधी हॉर्न दुरुस्त करून घ्या. माझ्यासाठी तरी."

घरी येताना आत्याबाईच चालवत होत्या. आम्ही दोघं मागे बसलो होतो, शहाण्या पोरांसारखे. पूल आला, चढ आला, गाडी गेली. भाजीवालीने सवयीने टोपली उचलली होती, ती तशीच हातात धरून बघत राहिली. आमचा रस्ता आला. शिंपी दारात उभा होता. आत्याबाईंनी त्याला बोटं नाचवून खूण केली, पास झाल्याची. गॅरेजच्या दाराशी गाडी जरा थांबवली. मग आरशातून आमच्याकडे बघितलं, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं, आणि त्या भरात त्यांनी क्लच सोडला. एकदम सोडला. गाडीने बेडकासारखी उडी मारली, आम्हा दोघांची कपाळं पुढच्या सीटवर आपटली, आणि इंजिन बंद पडलं.

आत्याबाईंनी किल्ली अर्धी फिरवली आणि त्या थांबल्या. आमच्या सीटखाली पंप गुणगुणला, स्वच्छ, खणखणीत, नवा कोरा पंप. तिघांनीही तो ऐकला. मला वाटतं शिंप्यानेही ऐकला.

आरशात आत्याबाईंचे डोळे होते. हसू विरलं होतं. "काय गं, सूनबाई?" त्यांनी हळूच विचारलं. "काय रे?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. लग्नात अंतरपाटापलीकडून पाहिलं होतं त्यापेक्षाही नीट पाहिलं.

"पंप," तो म्हणाला.

"पंपच," मी म्हणाले.

"तरी म्हटलं," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी गाडी सुरू केली, आत घेतली आणि बरोबर पिवळ्या रेघेवर तिरकी उभी केली. मग उतरल्या, आणि किल्ली खिळ्याला न लावता आपल्या पर्समध्ये टाकली.